सनदवाले आणि दुकानदार

ज्या आर्थर वेलस्लीने १८०३ च्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला सर केला आणि पुढच्याच महिन्यात असईच्या रणांगणावर शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा मोड करून दख्खनमधील मराठी सत्तेच्या मुळावर घाव घातला, तोच वेलस्ली पंचेचाळीस वर्षांनी, ड्यूक ऑफ वेलिंग्टन या किताबाने जगद्विख्यात होऊन आणि वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पुरी करून, लंडन शहराच्या पुलांच्या आसपास पलटणी व तोफा दडवून ठेवण्याच्या कामी गुंतला होता, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासवाचकांच्या सहसा ध्यानात नसते. या वेळचा त्याचा प्रतिपक्ष परदेशस्थ नव्हता. त्यात लंडनचे शिंपी, चांभार, सुतार आणि गवंडी होते, उत्तरेकडील गिरण्यांनी देशोधडीला लावलेल्या हातमागवाल्यांचे प्रतिनिधी होते, आणि त्यांची मागणी एवढीच होती की, राज्यकारभारात आम्हांलाही मत असावे. १० एप्रिल १८४८, सोमवार, हा तो दिवस. आणि टेम्स नदीच्या दक्षिणेस असलेले केनिंग्टनचे गायरान हे ते स्थळ. या दिवसाचा इतिहास बहुधा पुढाऱ्यांच्या धरसोडीचा किंवा सरकारच्या सावधगिरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्या दिवसाचा निकाल मैदानात जमलेल्यांनी लावला नाही, की सैन्यानेही लावला नाही. तो लावला दारात, खिडकीत आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहणाऱ्यांनी.

केनिंग्टनची ही जागा मुळातच रयतेच्या राबत्याची होती. गुरे चारण्याचा सामाईक हक्क तेथे पूर्वापार चालत आला होता, आणि सरे परगण्यातील अपराध्यांना फाशी देण्याची जागाही तीच होती. १७४५ च्या जॅकोबाइट उठावात सापडलेल्या कित्येकांना पुढील वर्षी येथेच देहान्त शासन झाले. त्यापूर्वी काही वर्षे, १७३९ साली, चर्चच्या चार भिंतींत ज्यांना थारा नव्हता त्या व्हाइटफील्ड आणि वेस्ली या धर्मोपदेशकांनी याच उघड्या गवतावर उभे राहून हजारोंच्या समुदायाला प्रवचने दिली होती. वधस्तंभ, प्रवचन, क्रिकेटचे डाव आणि राजकीय सभा या सर्वांना पुरून उरलेले असे ते मैदान होते. आणि ज्यांच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती अशा लोकांना एकत्र येण्यास राजधानीच्या जवळपास यासारखी दुसरी जागा क्वचितच असेल.

या लोकांच्या मागणीचे मूळ शोधू गेल्यास १८३२ पर्यंत मागे जावे लागते. त्या साली पार्लमेंटच्या सुधारणेचा जो कायदा झाला, तो घडवून आणण्यासाठी मजूर आणि दुकानदार हे दोघेही खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले होते. परंतु कायद्याने शहरात मताचा अधिकार दिला तो मात्र वर्षाला दहा पौंड भाड्याच्या योग्यतेचे घर ज्याच्या ताब्यात असेल त्यालाच. दुकानदार उंबरठ्याच्या आत गेला आणि त्याचा कालचा सोबती बाहेर राहिला. दोन वर्षांत गरिबांच्या मदतीचा जुना रिवाज मोडणारा कायदा आला, आणि निराधार नवरा-बायकोंची ताटातूट करणारी श्रमगृहे जागोजाग उभी राहिली. तेव्हा विल्यम लव्हेट या सुताराच्या पुढाकाराने १८३६ मध्ये लंडनला कामकऱ्यांची एक मंडळी स्थापन झाली, आणि १८३८ च्या मे महिन्यात तिने ‘लोकांची सनद’ प्रसिद्ध केली. एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक पुरुषास मत, गुप्त मतदान, सारख्या लोकवस्तीचे मतदारसंघ, उमेदवारास मालमत्तेची अट नसणे, सभासदांस वेतन आणि दर वर्षी नवी निवडणूक, या सहा कलमांची ती सनद. या सनदेचे अनुयायी, म्हणजे सनदवाले, पाहता पाहता देशभर पसरले. ‘नॉर्दर्न स्टार’ हे त्यांचे साप्ताहिक एकाने विकत घ्यावे आणि पिठ्यात किंवा कारखान्याच्या कोपऱ्यात दहाजणांनी ऐकावे, असा क्रम होता.

सनदवाल्यांनी १८३९ मध्ये बारा लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज कॉमन्स सभेपुढे ठेवला. २३५ विरुद्ध ४६ मतांनी सभेने तो विचारात घेण्याचेच नाकारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वेल्समधील न्यूपोर्ट येथे खाणकामगारांचा जमाव चालून गेला असता सैनिकांच्या गोळ्यांनी सुमारे वीस माणसे पडली. १८४२ मध्ये तेहतीस लाख सह्यांचा दुसरा अर्ज आला, तोही २८७ विरुद्ध ४९ असा फेटाळला गेला. त्या वेळी विरोधाचे सर्वांत घणाघाती भाषण झाले ते मेकॉले साहेबांचे. कलकत्त्यास गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात बसून आपल्या शिक्षणाची दिशा ज्यांनी कायमची वळवली, त्याच मेकॉले साहेबांनी स्वदेशी परतल्यावर असा सिद्धान्त मांडला की, सार्वत्रिक मताधिकार आणि सुधारलेल्या समाजाचे अस्तित्व या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. ज्याच्यापाशी मालमत्ता नाही त्याच्या हाती सत्ता दिली तर मालमत्ता राहणार नाही. येथील प्रजा स्वराज्यास अपात्र कशी, हे पुढे ज्या युक्तिवादाने आपणांस शंभर वर्षे ऐकवण्यात आले, तोच युक्तिवाद मँचेस्टरच्या विणकऱ्याला आधी ऐकवला गेला होता.

यानंतरची पाच-सहा वर्षे भुकेची होती. १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक रोगाने नासत गेले आणि तेथील लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली किंवा परागंदा झाली. १८४७ च्या मे अखेरीस इंग्लंडात गव्हाचा भाव एका क्वार्टरला शंभर शिलिंगांच्या वर चढला. मग रेल्वेच्या समभागांवरचा सट्टा कोसळला, ऑक्टोबरात पेढ्यांचे दिवाळे वाजले, आणि लँकेशरच्या गिरण्या निम्म्या वेळेवर चालू लागल्या. त्रास केवळ मजुराला होता असे नाही. दुकानदाराच्या वह्यांत उधारी साचली होती, आणि अशा ऐन तंगीत पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी १८४८ च्या फेब्रुवारीत प्राप्तीवरील कर पौंडास सात पेन्सांवरून एक शिलिंगावर नेण्याचा बेत जाहीर केला. तेव्हा जो गिल्ला झाला तो पांढरपेशांचा आणि व्यापाऱ्यांचा होता. ६ मार्च रोजी ट्रॅफल्गार चौकात या कराच्या निषेधार्थ सभा बोलावली गेली. बोलावणारा गृहस्थ पोलिसांच्या मनाईमुळे आयत्या वेळी मागे सरला, आणि अध्यक्षस्थानी येऊन बसला जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. हा तोच रेनॉल्ड्स, ज्याच्या रहस्यमय कादंबऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांना वेड लावले आणि ज्याच्या कृतीची छाया हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’वर पडलेली आहे. त्याने करावरील सभेचे रूपांतर फ्रान्समधील नव्या प्रजासत्ताकाच्या अभिनंदनात करून टाकले. सभेनंतर दोन-तीन दिवस लंडनच्या गल्ल्यांतून काचा फुटत राहिल्या. ग्लासगो शहरात बेकार जमावाने भाकरीची व हत्यारांची दुकाने फोडली, आणि गोळीबारात माणसे दगावली.

येथे फ्रान्सकडे नजर टाकल्यावाचून पुढील घटनांचा उलगडा होत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस पॅरिसमध्ये राजा लुई फिलिप तीन दिवसांत सिंहासन सोडून पळाला, आणि ‘मिस्टर स्मिथ’ असे नाव धारण करून इंग्लंडच्या किनाऱ्यास लागला. त्याला पदच्युत केले ते केवळ मजुरांनी नव्हे. दुकानदार आणि पेढीवाले यांची जी शहररक्षक पलटण होती, तिने राजासाठी हत्यार उचलण्याचे नाकारले आणि त्या क्षणी राज्य बुडाले. रसेलच्या मंत्रिमंडळाने हा धडा अचूक घेतला. प्राप्तीवरील वाढीव कर फेब्रुवारी संपण्यापूर्वीच, म्हणजे ट्रॅफल्गार चौकातील सभेच्याही आधी, मागे घेतला गेला, दुकानदाराची समजूत पटली. आणि महिन्याभराने, सनदवाल्यांनी केनिंग्टनला सभा भरवून आपला तिसरा अर्ज मिरवणुकीने पार्लमेंटकडे नेण्याचे ठरवले तेव्हा, ज्याची तक्रार दूर केली त्याच्याच हातात सरकारने दंडुका दिला.

तो दंडुका लाकडी होता आणि सोबत बाहूवर बांधावयाची पांढरी पट्टी होती. मॅजिस्ट्रेटपुढे शपथ घेऊन हंगामी शिपाई होण्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लंडनमध्ये जी रीघ लागली, तिची संख्या पंच्याऐंशी हजारांच्या घरात गेल्याचे सामान्यतः सांगितले जाते. त्यात वकील होते, डॉक्टर होते, उमरावांचे खानसामे होते. ग्लॅडस्टन होता, आणि त्या काळी लंडनमध्ये आश्रयास राहिलेला व पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनही होता. पण खरा भरणा किरकोळ व्यापारी आणि कारकून यांचा. टेम्सच्या बंदरातील कोळसा उपसणारे हमालही आपणहून पुढे आले, हे येथे नमूद केले पाहिजे. आणि हेही नमूद केले पाहिजे की कित्येक कारखान्यांतील कामगारांना मालकाच्या दडपणाखाली शपथ घ्यावी लागली, काहींनी ती साफ नाकारली, आणि काहींनी ‘आम्ही फक्त आमच्या कारखान्याचे रक्षण करू’ एवढेच कबूल केले. सगळे लंडन एकमुखाने सनदेविरुद्ध उभे राहिले, असे जे चित्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी रंगवले, ते म्हणूनच पुरते खरे मानता येत नाही.

राणी व्हिक्टोरियाला तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली होती. राणीला ८ एप्रिल रोजी आगगाडीने वाइट बेटावर रवाना करण्यात आले. पोलीस कमिशनरांनी जाहीरनामा काढला, आणि त्यासाठी दुसऱ्या चार्ल्सच्या अमदानीतील, म्हणजे १६६१ सालचा, एक कायदा दप्तरातून झटकून बाहेर काढला. त्याअन्वये पार्लमेंटकडे अर्ज घेऊन जाताना दहांहून अधिक माणसांनी जाणे हा अपराध होता. तारायंत्राच्या लायनी सरकारने आठवडाभर आपल्या ताब्यात घेतल्या, म्हणजे लंडनची अफवा मँचेस्टरला आणि मँचेस्टरची लंडनला पोहोचू नये. बँक ऑफ इंग्लंडच्या गच्चीवर वाळूच्या पोत्यांचा कोट रचला, ब्रिटिश म्युझियमच्या नोकरांना हत्यारे वाटली आणि परराष्ट्र खात्याच्या खिडक्या ‘टाइम्स’ पत्राच्या बांधीव खंडांनी बुजवल्या. सुमारे चार हजार पोलीस आणि सात-आठ हजार सैनिक यांचा हा बंदोबस्त. परंतु वेलिंग्टनची आज्ञा अशी होती की सैनिक कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये. पाहणाऱ्याला दिसावा तो शेजारचा दुकानदार. या योजनेतील शहाणपण मान्य केलेच पाहिजे, आणि तिची वेदनाही लक्षात घेतली पाहिजे. कारण सैनिकाची गोळी लागली असती तर सनदवाल्याला हुतात्मा तरी होता आले असते.

सोमवारी सकाळी जॉन स्ट्रीटवरील सभागृहातून मिरवणूक निघाली. सहा घोड्यांच्या गाडीत सनदवाल्यांचे प्रतिनिधी बसले होते, आणि चार घोड्यांच्या दुसऱ्या गाडीत अर्जाची अवाढव्य भेंडोळी होती. ब्लॅकफ्रायर्स पूल ओलांडून साडेअकराच्या सुमारास ती मैदानात पोहोचली. लोक किती जमले होते? सरकारी आकडा पंधरा हजारांचा, पुढारी फर्गस ओकॉनर याचा चार-पाच लाखांचा. निष्पक्ष अंदाज या दोहोंच्या मधले आहेत. सुदैवाने एक साक्षीदार कोणत्याही पक्षाचा नव्हता. विल्यम किलबर्न नावाच्या प्रकाशचित्रकाराने उंच जागेवरून त्या मैदानाची दोन चित्रे टिपली, आणि जमावाचे छायाचित्र म्हणावे अशा जगातील अगदी पहिल्या काही चित्रांत त्यांची गणना होते. राणीच्या पतीने ती विकत घेतली आणि आज ती राजघराण्याच्या संग्रहात आहेत. चित्रात दिसतात त्या पाठी: काळे कोट, उंच टोप्या, मध्यभागी निशाणांनी वेढलेली गाडी आणि मागे कारखान्याचे धुराडे. रोजंदारी बुडवून ही माणसे आली होती, आणि येताना घरातील सर्वांत चांगले कपडे अंगावर चढवून आली होती. या समुदायापासून शहराचे रक्षण करण्यासाठी बँकेवर तोफा चढवाव्या लागल्या, यावर ते चित्र पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

पोलीस कमिशनर रिचर्ड मेन याने ओकॉनरला जवळच्या हॉर्न्स नावाच्या खाणावळीत बोलावून घेतले आणि सांगितले की, सभा हवी तर करा, पण मिरवणुकीने पूल ओलांडून पार्लमेंटकडे येऊ दिले जाणार नाही. ओकॉनर फिकट पडला होता. त्याने आभार मानले, परत येऊन लोकांना शांतपणे घरी जाण्यास विनवले, आणि राष्ट्राचा तो अर्ज तीन भाड्याच्या घोडागाड्यांत घालून वेस्टमिन्स्टरकडे रवाना केला. विल्यम कफे हा सनदवाला यावर उसळून उठला. पूल अडवले जाणार हे आधीच ठाऊक असता लोकांना नदीच्या या बाजूला आणलेच कशाला, हा त्याचा सवाल बिनतोड होता. दुपारी पाऊस आला. ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या तोंडाशी परतणाऱ्यांची आणि पोलिसांची काही वेळ झटापट झाली, डोकी फुटली. बाकी दिवस शांततेत पार पडला. परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने या दिवसाला शांततेचे आणि सुव्यवस्थेचे वॉटर्लू म्हटले.

इतक्यावर भागले असते तर सनदवाले पुन्हा उभे राहिले असते. कारण पराभव त्यांना नवा नव्हता. त्यांना उठू दिले नाही ते हशाने. १३ एप्रिल रोजी कॉमन्स सभेच्या समितीने अहवाल दिला की, ओकॉनर म्हणतो त्याप्रमाणे अर्जावर सत्तावन्न लाख सह्या नसून त्या १९,७५,४९६ आहेत. राणी व्हिक्टोरिया, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ‘चपटे नाक’ आणि ‘मिस्टर पंच’ यांच्याही सह्या त्यात आहेत. आणि पानेच्या पाने एका हाताने लिहिलेली आहेत. सभागृह खदखदून हसले, सभागृहाबरोबर वर्तमानपत्रे हसली, आणि तीन दिवसांपूर्वी दंडुके घेऊन उभे राहिलेले नागरिक त्या हास्यात सामील झाले. खोट्या सह्या होत्या, यात संशय नाही. परंतु ज्याचे नाव उघडकीस येताच मालक कामावरून काढणार होता त्याने भलतेच नाव लिहिले, किंवा ज्याला लिहिता येत नव्हते त्याच्या वतीने शेजाऱ्याने लिहिले, हा विचार कोणाच्या मनास शिवला नाही. समितीने हे काम तेरा कारकुनांकडून सतरा तासांत उरकल्याचे सांगितले. आता हिशेब केला तर प्रत्येक कारकुनाने मिनिटाला सुमारे दीडशे सह्या, क्षणाची उसंत न घेता, सतरा तास मोजल्या असे होते. ज्या सभागृहाने ओकॉनरच्या आकड्याची इतकी बारीक छाननी केली, त्याने आपल्या आकड्याला हा साधा त्रैराशिकाचा प्रश्न विचारला नाही. आणि समजा, एकोणीस लाख हाच आकडा खरा. तो त्या वेळच्या संबंध मतदारसंख्येच्या जवळजवळ दुप्पट होता! शिवाय समितीच्याच मोजणीनुसार दर लाखात ८,२०० सह्या स्त्रियांच्या होत्या, ज्यांना सनदेनेही मत देऊ केले नव्हते. यावर कोणी हसले नाही, कारण याकडे कोणी पाहिलेच नाही.

पाहणाऱ्यांपैकी ज्यांना त्या रात्री स्वस्थ झोप लागली नाही असेही काही होते, आणि त्यांना विसरणे अन्यायाचे होईल. हॅम्पशरच्या एका खेड्यातील तरुण पाद्री चार्ल्स किंग्जली दंग्याच्या धास्तीने लंडनला आला, त्याने जे पाहिले त्याने तो हेलावला, आणि दोनच दिवसांत ‘एक कामकरी पाद्री’ या सहीने इंग्लंडच्या मजुरांना उद्देशून त्याचे पत्रक भिंतींवर लागले. तुमची गाऱ्हाणी खरी आहेत, असे त्याने त्यांना मोकळेपणाने सांगितले. पण सनदेने ती दूर होतील असे त्याला वाटत नव्हते. सहानुभूती आहे, हक्क मात्र नाही, ही भूमिका प्रामाणिक असूनही अपुरी होती.

सरकारने याच महिन्यात राजद्रोहाचा नवा कायदा संमत करून घेतला आणि उन्हाळ्यात धरपकड केली. गुलामगिरीतून सुटलेल्या सेंट किट्स बेटावरील एका माणसाचा मुलगा असलेला आणि साठीत पोहोचलेला हा विल्यम कफे ऑगस्टात पकडला गेला. ‘माझ्या बरोबरीच्या माणसांची ज्युरी द्या,’ अशी मागणी त्याने न्यायालयात केली; मजुरांना ज्युरीत जागाच नसल्याने ती निष्फळ ठरली, आणि त्याला जन्मठेपेवर टास्मानियात धाडण्यात आले. पुढे १८५६ मध्ये माफी मिळाल्यावरही तो परतला नाही; तेथेच शिवणकाम करीत, मजुरांच्या हक्कांसाठी सभा गाजवीत १८७० मध्ये वारला. अर्नेस्ट जोन्स हा बॅरिस्टर पुढारी दोन वर्षे तुरुंगात पडला. आपल्या दृष्टीने या माणसाचे स्मरण विशेष अगत्याचे आहे. कारण १८५७ च्या उठावाच्या वार्ता लंडनला पोहोचल्या, आणि दंडुके हाती घेतलेला तोच सुखवस्तू समाज कानपूरच्या सुडासाठी ओरडू लागला, तेव्हा आपल्या ‘पीपल्स पेपर’मधून हिंदी लोकांचा पक्ष न्याय्य आहे असे छापण्याचे धैर्य जोन्सने दाखवले. ज्याला स्वदेशात दंगेखोर ठरवले गेले होते, त्याला परदेशातील बंडखोर ओळखू आला.

केनिंग्टनच्या गायरानाचे काय करावे, याचा निर्णयही पाहणाऱ्यांनीच केला. आसपासच्या प्रतिष्ठित रहिवाशांनी, तेथील पाद्र्याच्या पुढाकाराने, ही जागा बंदिस्त करून तिचे उद्यान करावे अशी खटपट चालवली. पार्लमेंटने १८५२ मध्ये तसा कायदा केला, आणि १८५४ मध्ये कुंपण, ताटवे व आखीव वाटा यांनी युक्त असे केनिंग्टन उद्यान खुले झाले. १८५१ च्या महाप्रदर्शनात राणीच्या पतीने मजुरांसाठी आदर्श म्हणून मांडलेली नमुन्याची घरेही तेथे आणून उभी केली गेली. गुरे गेली, क्रिकेट गेले, आणि सभाही गेल्या.

सभांना दुसरी जागा शोधावी लागली. १८६६ च्या जुलैत मताधिकारासाठी लंडनचे कामकरी हाइड पार्ककडे निघाले, तेव्हा त्यांत केनिंग्टनला जाऊन आलेले जुने सनदवाले होते. सरकारने फाटके लावून घेतली, आणि जमावाच्या रेट्याने लोखंडी कठडे उखडले गेले. या खेपेस बरीच वर्तमानपत्रे, कारखानदारांतील सुधारणावादी आणि स्वतः ग्लॅडस्टन मताधिकाराच्या बाजूला होते. हंगामी शिपायांची ती रीघ पुन्हा लागली नाही. पुढच्या वर्षी, १८६७ मध्ये, शहरात घर करून राहणाऱ्या कामकऱ्याला मत मिळाले.